रुग्णालयाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना एकमेकांच्या घरची खडान्‌खडा माहिती असते. कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, कोणाच्या हृदयात किती स्टेंट बसवले, कोणाची साखर किती वाढली, हे सारे मोकळेपणाने बोलले जाते. परंतु त्याच परिसरातील एखाद्या घरातला पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा मनोविकार विभागात तीन आठवडे राहून परत आलेला असतो, आणि शेजाऱ्यांना मात्र तो पुण्याला मामाकडे गेला होता असे सांगितलेले असते. आई-वडील दोघेही सुशिक्षित, बहुधा बँकेतून वा शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी डॉक्टर गाठला, खर्च केला, रात्री जागून काढल्या. मुलगा घरी आला तेव्हा त्यांना वाटले, संकट टळले. अशी घरे केळुसकर रस्त्यावर आहेत, रानडे रस्त्यावर आहेत, गिरगावात आणि लालबागेतही आहेत. आणि ज्या दिवशी या घरांना संकट टळले असे वाटते, नेमका त्याच दिवसापासून सर्वांत धोक्याचा काळ सुरू होतो, हे त्यांना फारसे कोणी सांगितलेले नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. संतांची आणि समाजसुधारकांची भूमी म्हणवून घेणाऱ्या प्रांताला हे भूषणावह नाही. या आकड्यांमागची कारणे अनेक आहेत. शेती, कर्ज, कौटुंबिक कलह, व्यसन, परीक्षा यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. मात्र या सर्वांत असा एक गट आहे की ज्याच्यापर्यंत समाज आधीच पोहोचलेला असतो. तो रुग्ण म्हणून नोंदलेला असतो, त्याचा केसपेपर असतो, त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या फडताळात असते. हाती आलेला असा माणूस निसटावा, याची बोच अधिक तीव्र असायला हवी.

मनोविकार विभागातून घरी गेलेल्या रुग्णांचा जगभर पाठपुरावा झाला आहे. २०१७ साली अशा अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे त्यातून दिसले. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठात १९९६पासून मनोरुग्णांच्या आत्महत्यांची राष्ट्रीय पातळीवर चौकशी चालते. तेथील शिफारस अशी, की रुग्ण घरी गेल्यावर बहात्तर तासांच्या आत कोणीतरी त्याला भेटले पाहिजे. पूर्वी ही मुदत सात दिवसांची होती. पहिल्या दोन-तीन दिवसांतच अनर्थ घडतात असे दिसून आल्याने ती कमी करावी लागली.

असे का व्हावे? रुग्णालयात दिनक्रम असतो, परिचारिका असते, औषध वेळेवर तोंडात पडते. घरी आल्यावर ज्या प्रश्नांपासून तो दूर गेला होता ते सगळे दारातच उभे असतात. नोकरीवर कधी जाणार, लग्नाचे काय, इतके दिवस कुठे होतास. नैराश्याच्या रुग्णांबाबत मनोविकारतज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक गोष्ट सांगत आले आहेत. औषधांनी हातापायांत बळ आधी येते, मनावरचे मळभ मागाहून हटते. जो माणूस अंथरुणातून उठतच नव्हता तो उठू लागतो आणि घरच्यांचा पहारा सैल होतो. मात्र त्याच्या मनातील निराशा अजून तशीच असते. स्किझोफ्रेनियाच्या तरुण, शिकलेल्या रुग्णाचे दुःख आणखी निराळे. भास थांबतात आणि भान येते. आपण काय होणार होतो आणि काय झालो, हे त्याला स्वच्छ दिसू लागते. घरच्यांना जी सुधारणा वाटते, ती त्याच्या दृष्टीने कित्येकदा या जाणिवेची पहिली सकाळ असते.

मग रुग्णालयाने सोडतानाच धोका मोजून का सांगू नये, असा प्रश्न सरळमार्गी माणसाला पडतो. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते, मग हे का नाही? प्रयत्न पुष्कळ झाले. अमेरिकेत ४,८०० माजी सैनिक रुग्णांची बारकाईने तपासणी करून, त्यांचा पाठपुरावा करून, कोण जीव देईल याचे भाकीत करण्याचा प्रयत्न झाला होता. त्याचा अहवाल १९८३ साली आला. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली होती आणि उपयोगी पडेल असे भाकीत करणे साधले नव्हते. ज्यांना धोक्याचे ठरवले ते बहुसंख्येने जगले, ज्यांना सुरक्षित मानले त्यांतले काही गेले. त्यानंतर चार दशके उलटली, प्रश्नावल्या वाढल्या, गुण देण्याच्या पद्धती आल्या. अखेर २०२२ साली ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्टच सांगितले, की गुणांकनाच्या आधारे आत्महत्येचे भाकीत करू नये आणि त्या गुणांवरून कोणाला उपचार द्यायचे, कोणाला घरी पाठवायचे हेही ठरवू नये.

याचा अर्थ तपासणी व्यर्थ असा नव्हे. पूर्वी केलेला प्रयत्न, जवळच्या नात्यातील आत्महत्या, दारू, एकटेपणा, सतत न येणारी झोप, आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना, या साऱ्या गोष्टी विचारल्याच पाहिजेत. मात्र त्या विचारायच्या त्या रुग्णाला कशाची गरज आहे हे कळावे म्हणून. केसपेपरवर ‘धोका कमी’ असा शिक्का मारून सुटकेचा निःश्वास टाकण्यासाठी नव्हे. मनाचा धोका हा हवामानासारखा आहे. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी भरून येते. सोमवारी डॉक्टरांनी पाहिलेला माणूस आणि गुरुवारी रात्री एकटा जागा असलेला माणूस एकच नसतो. त्या गुरुवारी रात्री त्याच्याजवळ डॉक्टर नसतो. असतात ते घरचे.

आणि घरचे विचारत नाहीत. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबातील प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु या प्रेमाला बोलण्याचे वावडे आहे. ‘जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे मनात येते का,’ हे शब्द उच्चारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती घराघरांत आहे. ही भीती संशोधकांनी अनेकदा तपासून पाहिली आणि ती खरी नसल्याचे आढळले. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार महिनोन्‌महिने एकट्याने वावरत होता त्याला पहिल्यांदा कोणीतरी सोबतीला आल्यासारखे वाटते. ‘असे वेडेवाकडे काही मनात आणू नकोस हं’ ही आपल्याकडची नेहमीची पद्धत विचारण्याची नव्हे, तोंड बंद करण्याची आहे. त्यावर ‘नाही, नाही’ एवढेच उत्तर येऊ शकते.

संस्कारशील घरांचा दुसरा दोष म्हणजे उपदेश. मन खंबीर कर, सूर्यनमस्कार घाल, गीता वाच. व्यायाम उत्तम आणि गीता तर थोरच, परंतु गीतेचा दाखला देणाऱ्यांनी तिचा पहिला अध्याय पुन्हा एकदा उघडून पाहावा. अर्जुनाच्या हातून धनुष्य गळते, अंगाला कंप सुटतो, तो बोलत राहतो, आणि त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे. तत्त्वज्ञान त्यानंतर येते. आपल्याकडचे हितचिंतक पहिला अध्याय गाळून थेट अठराव्यावर येतात.

शिवाजी पार्कच्या परिसरात या विषयावर बोलू लागले की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच परिसरातील सावरकर सदनात २६ फेब्रुवारी १९६६ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न-पाणी-औषध त्यागून देह ठेवला. १९६४ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद केला होता. त्या भेदावर विचारवंतांनी आपापली मते मांडावीत. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु तो दाखला पंचवीस वर्षांच्या रुग्णाच्या संदर्भात आणणे हा त्या लेखावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. ज्याची मेंदूतील रसायने बिघडली आहेत, ज्याला भविष्य दिसतच नाही, त्याची मरणाची इच्छा हे त्याच्या आजाराचे लक्षण असते. ताप उतरतो तशी ती उतरते. ती उतरल्यावर तोच माणूस चहा मागतो, वर्तमानपत्र मागतो आणि आपण असे काही म्हणालो होतो याचे त्यालाच नवल वाटते.

सावरकरांच्याच आयुष्यातील दुसरे प्रकरण या विषयाला कितीतरी अधिक जवळचे आहे. दुर्दैवाने त्यांच्या नावाने भाषणे करणारेही त्याचा उल्लेख क्वचितच करतात. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये १९१२ साली इंदुभूषण रॉय या तरुण क्रांतिकारकाने आत्महत्या केली. उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल त्याच तुरुंगातील छळाने गेला आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडावे लागले. हे दोघेही मनाने दुबळे होते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आणि ‘माझी जन्मठेप’मध्ये सावरकरांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे, की कोलूच्या कष्टांनी देह खचलेल्या अवस्थेत आत्महत्येचा विचार त्यांच्याही मनात उसळला होता आणि विवेकाने मनाशी वाद घालून त्यांनी तो परतवला. पुढे तशाच विचारापर्यंत आलेल्या सोबत्यांना त्यांनी त्यापासून परावृत्त केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी हे लपवले नाही. लाखोंचे स्फूर्तिस्थान असलेला पुरुष आपल्या मनातील हा काळोख पुस्तकात मांडतो आणि त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी कुटुंबे मात्र मुलाचा केसपेपर कपाटात कुलपाआड ठेवतात.

एकाच्या अनुभवाने दुसरा सावरतो, हे अंदमानात घडले ते योगायोगाने नव्हे. याचा पडताळा आधुनिक वैद्यकाने आकड्यांनिशी घेतला आहे, आणि त्यात भारताचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला. त्यातील भारतीय केंद्र चेन्नईला होते. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत घरी सोडण्याच्या सुमारास तासभर नीट समजावून सांगण्यात आले, आणि पुढील दीड वर्षात प्रत्येकाशी नऊ वेळा संपर्क साधला गेला. सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी, मग महिन्यांच्या अंतराने, कधी फोनवर, कधी घरी जाऊन. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत दीड वर्षात अठरा जणांनी आत्महत्या केली होती, संपर्कातील गटात दोघांनी. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते.

यात महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. कोणीतरी ठरल्या दिवशी आठवणीने विचारपूस केली, एवढेच. त्याहीपूर्वी अमेरिकेत जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने पुढील उपचार नाकारलेल्या रुग्णांना दर काही महिन्यांनी केवळ चार ओळींची पत्रे पाठवली होती. उत्तराची अपेक्षा नाही, उपदेश नाही, केवळ क्षेमकुशल. पत्रे गेलेल्यांत पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले.

ज्या कार्यकर्त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग ‘संपर्क’ या शब्दाने व्यापलेला आहे, त्यांना यात काही ओळखीचे दिसावे. घरोघरी जाणे, नाव लक्षात ठेवणे, आईच्या हातचा चहा घेणे, न आलेल्याची चौकशी करणे ही त्यांची सवय आहे. पूर, भूकंप, अपघात यांत ही सवय किती कामाला येते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. परंतु वस्तीतील एखादे घर मनोरुग्णामुळे गप्प झाले, तर तेथे जाणारी पावले अडखळतात. काय बोलावे कळत नाही, म्हणून जाणेच टळते. हृदयविकाराच्या रुग्णाला भेटायला फळे घेऊन माणसे रांगेने येतात, आणि मनोविकार विभागातून आलेल्याच्या दाराशी महिनाभर चप्पल दिसत नाही. कार्यकर्त्याने डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा नाही आणि त्याने तसे होऊही नये. औषध बंद करण्याचा सल्ला, झाडफुंकीचा पत्ता, ‘माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत’ यांपैकी काहीही त्याने बरोबर नेऊ नये. त्याने मुलाशी क्रिकेटवर बोलावे, आणि निघताना आईला दारात विचारावे, की गोळ्या कोणाच्या ताब्यात आहेत.

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो अत्यंत महत्त्वाचा आहे. तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळ टिकते, आणि त्या वेळेत साधन हाताशी नसले तर जीव वाचतो, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून औषधे घरातील एका जाणत्या माणसाकडे असावीत, डॉक्टरांना सांगून एका वेळी थोड्याच दिवसांची आणावीत. इमारतीच्या गच्चीचे कुलूप हा सोसायटीच्या वार्षिक सभेतील भांडणाचा विषय असतो. तो जीविताचाही विषय आहे. काळ कठीण असेल तेव्हा रुग्णाला एकटे ठेवू नये. आणि डॉक्टर, रुग्ण व घरचे यांनी मिळून एका कागदावर लिहून ठेवावे, की मन बिघडू लागल्याची याची खूण कोणती, तेव्हा तो काय करील, कोणाला फोन करील, कोणत्या रुग्णालयात जाईल. हा कागद रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत हवा. परदेशांत या पद्धतीचा चांगला उपयोग झाला आहे, आणि आपल्याकडे ती अवलंबायला कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक या कागदावर सर्वांत वर असावा.

कायद्याचा विचार केला तर मुंबईने या बाबतीत देशाला वाट दाखवली होती, हे आज फार थोड्यांना आठवते. मारुती श्रीपती डुबल हे मुंबई पोलिसांतील शिपाई. अपघातात डोक्याला मार बसल्यावर त्यांना मानसिक आजार जडला. १९८५ साली महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला; भाजीविक्रीच्या परवानगीसाठी ते तेथे गेले होते आणि त्यांची दाद लागली नव्हती. त्यांना वाचवण्यात आले आणि लगेच त्यांच्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९खाली खटला भरण्यात आला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. मानसिक आजारातून असा प्रयत्न करणाऱ्याला तुरुंगाची नव्हे तर उपचारांची गरज आहे, असे न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हीच दिशा धरली आणि १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फिरवली. त्यानंतर दोन दशके रुग्णालयात शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या उशाशी पोलिसाचा जबाब उभा राहत होता, आणि त्या भीतीने कुटुंबे ‘चुकून घेतले’ असे लिहून देत होती. खोटे लिहिले की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचे कारणच उरत नाही, आणि पुढच्या प्रयत्नाला मोकळी वाट मिळते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही कोंडी फोडली. त्याच्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. गुलामीच्या काळातील एक तरतूद गेली, याचे स्वागतच आहे. मात्र त्याच संहितेच्या कलम २२६मध्ये लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यात भाग पाडण्यासाठी वा अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा गुन्हा ठेवला आहे. दबावतंत्र म्हणून होणाऱ्या प्रकारांना आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. तरी एक प्रश्न उरतो. उद्या एखादा आजारी डुबल पुन्हा आयुक्तांच्या दारात उभा राहिला, तर त्याच्याकडे कलम २२६च्या नजरेने पाहायचे की कलम ११५च्या? ठाण्यावरच्या अंमलदाराला हे आधी सांगून ठेवलेले बरे.

शासनाने नोव्हेंबर २०२२मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून २०३०पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. मुंबईपुरते बोलायचे तर परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि तेथील डॉक्टर सकाळपासून गर्दीत बुडालेले असतात. बाह्यरुग्ण विभागातील एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या मिनिटांत तासाभराचे समजावणे बसत नाही, आणि नऊ वेळा फोन करायला तेथे माणूस नाही. हे काम अंगावर घेण्याची विनंती स्थानिक मंडळांनी, वनिता समाजासारख्या महिलांच्या संस्थांनी, निवृत्त परिचारिकांनी या विभागांकडे जाऊन करावी. रुग्णाची आणि घरच्यांची संमती घेऊन, तेथील समाजसेवकांकडून दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण घेऊन, गुप्ततेची शपथ घेऊन. प्रत्येकाकडे पाच घरे, अधिक नकोत. वहीत नऊ तारखा. पहिली तारीख रुग्ण घरी आल्यापासून बहात्तर तासांच्या आतली, आणि त्या दिवशी रविवार असला, सण असला, दादरच्या रस्त्यांवर मिरवणूक असली, तरी ती पुढे ढकलायची नाही.